दंडूतला कातडीचा डॉक्टर

लग्न होऊन बंगळूरला आले, त्याच्या दुसऱ्या वर्षीची गोष्ट. कणीक मळून हात धुतले, तरी डाव्या मनगटाच्या आतल्या बाजूला थोडं पीठ चिकटून राहिलं होतं. परत धुतलं. नखाने खरवडलं. मग ओला हात खिडकीशी नेऊन पाहिला, तेव्हा कळलं की ते पीठ नाही. मुगाच्या दाण्याएवढा पांढरा ठिपका होता, कडा अगदी स्वच्छ, कात्रीने कापल्यासारख्या.

ते काय आहे हे मला कुणी सांगायला नको होतं. मिरजेला आमच्या गल्लीत एक बाई होती. लग्नानंतर तिच्या अंगावर कोड उठलं आणि नवऱ्याने तिला एका सकाळी ट्रंकेसकट माहेरी आणून सोडलं. ती दिवसभर मागच्या पडवीत बसून शेंगा सोलायची. तिच्या हातचं पाणी कुणी प्यायचं नाही. मीसुद्धा नाही. आई सांगायची, ‘तिकडे फार जाऊ नकोस.’

आम्ही जुन्या शहरात, चिकपेटेच्या मागच्या एका गल्लीत, माडीवरच्या दोन खोल्यांत भाड्याने राहत होतो. हे, म्हणजे माझे यजमान, सरकारी कारखान्यात यंत्रांची ड्रॉइंग्ज काढायचे. मितभाषी माणूस. सकाळी डबा घेऊन कारखान्याच्या बसने जायचे, संध्याकाळी पाच-सव्वापाचला परत यायचे. खाली घरमालकीण राहायच्या. त्यांना सगळी गल्ली अक्का म्हणायची, म्हणून मीही अक्काच म्हणत असे. त्यांचे कुणी खापरपणजोबा मराठ्यांच्या फौजेबरोबर इकडे आले आणि इथलेच झाले. अक्कांचं मराठी आमच्यापेक्षा वेगळं, निम्मं कानडी. त्यांच्या यजमानांचं चिकपेटेत रेशमाचं दुकान होतं, आणि दुपारी ते जेवायला घरी आले की दुकानातल्या गादीवर अक्का स्वतः जाऊन बसत.

त्या थंडीत मी लांब बाह्यांचे ब्लाउज शिवून घेतले. बंगळूरच्या हवेत त्याचं कुणाला नवल वाटलं नाही. बाहीची कड मनगटाच्या खाली येईल अशी शिंप्याकडून सोडवून घेतली आणि वर बांगड्या चढवल्या. ठिपका तिथेच थांबला असता तर मी तसंच आयुष्य काढलं असतं. पण महिनाभरात तो तुरीच्या डाळीएवढा झाला. त्याच्या शेजारी दुसरा आला, आणि अंगठ्याच्या मुळाशी तिसरा. अंगठा काही बाहीत लपवता येत नाही. मी त्याला हळद लावायला लागले. ह्यांनी एकदा विचारलं, ‘कापलं का?’ मी म्हटलं, ‘विळीवर.’

त्यातच मला दिवस गेल्याचं लक्षात आलं. एरवी ही बातमी मी पोटात ठेवू शकले नसते. पण ती सांगितली की सासूबाई येणार, मला जवळ घेणार, माझे हात हातात घेणार, हे मला स्वच्छ दिसत होतं. तशाही त्या संक्रांतीनंतर यायच्याच होत्या. मी दिवस ढकलत राहिले. सकाळी ओकारी आली की नळ मोठा सोडायचा आणि वाकायचं.

अक्कांना पत्ता लागला तो त्याच नळावर. मी बाह्या वर सारून घागर घासत होते आणि त्या कधी मागे येऊन उभ्या राहिल्या ते कळलंच नाही. त्यांनी माझं मनगट धरलं, उजेडाकडे वळवलं, आणि हलक्या आवाजात म्हणाल्या, ‘तोन्नु.’ हा कोडासाठी कानडी शब्द. तो शब्द मला येत नव्हता, पण ज्या तऱ्हेने त्यांनी तो उच्चारला त्यावरून अर्थ कळला. मी तिथेच ओल्या फरशीवर बसले आणि रडायला लागले.

‘अय्यो, रडतीस काय? नवऱ्याला ठाऊक आहे?’

‘नाही.’

‘मग सांगू बी नको. स्वल्प थांब.’ त्यांनी माझ्या हातातली घागर काढून घेतली. ‘दंडूत एक कातडीचा डॉक्टर आलाय म्हणे, फॉरिनला शिकून. आमच्या दुकानात येते त्या बाईच्या भाच्याचं गेलं म्हणत होती. पुरतं गेलं.’

दंडू म्हणजे कँटोन्मेंट. जुन्या शहरातल्या लोकांना तो दुसराच देश वाटायचा. ‘पुरतं गेलं’ हे दोन शब्द मी दिवसभर मनात घोळवत राहिले. स्वयंपाक करताना, ह्यांना वाढताना, एकीकडे तेच.

हे कारखान्यात गेल्यावर आम्ही दोघी निघालो. शिलाईचं मशीन घ्यायचं म्हणून माहेरून मिळालेले पैसे मी पुडीत बांधून कमरेला खोचले होते. बस दंडूकडे वळल्यावर रुंद रस्ते लागले, झाडांखाली सावल्या, दुकानांवर इंग्रजी पाट्या. दवाखाना एका औषधांच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर होता. वेताच्या खुर्च्या, खिडकीला पडदे. दवाखान्याचा म्हणून जो वास असतो तो तिथे नव्हता, अत्तराचा होता.

पांढऱ्या साडीतली एक बाई आमच्याजवळ येऊन बसली आणि तिने माझ्या मांडीवर एक जाड आल्बम ठेवला. डाव्या पानावर डागांनी भरलेला हात, उजव्या पानावर स्वच्छ हात. डावीकडे डागाळलेलं पाऊल, उजवीकडे स्वच्छ पाऊल. चेहरा एकाही पानावर नव्हता. एका ठिकाणी डावीकडच्या हाताच्या करंगळीचं नख मोडकं होतं आणि उजवीकडच्या हाताचं चांगलं होतं. नख काय, वाढतंच, असं मी मनाशी म्हटलं आणि पान उलटलं.

डॉक्टर चाळिशीचे असतील. गोरे, हात मऊ. त्यांनी अक्कांशी कानडीत सुरुवात केली, मला इंग्रजीत विचारलं की किती शिकलात, यजमान काय करतात. मी मॅट्रिक झाले, हे कारखान्यात ड्रॉइंग्ज काढतात, म्हटल्यावर त्यांनी मान हलवली. माझं मनगट भिंगातून पाहिलं. मग एका चिनी मातीच्या वाडग्यात भिजत ठेवलेला कापूस चिमट्याने उचलला आणि माझे हात, ओठांच्या कडा, पापण्या, गळा असं जागोजागी पुसलं. गार लागलं. ‘धूळ असली की नीट दिसत नाही,’ ते म्हणाले.

आतल्या खोलीत काळे पडदे होते. त्यांनी दार लावलं, एक आरसा माझ्या हातात दिला आणि बटण दाबलं. जांभळा उजेड पडला, उजेड तरी कसला, अंधारच जांभळा झाल्यासारखा. माझ्या मनगटावरचे डाग चुन्यासारखे चमकायला लागले. ते मला अपेक्षित होतं. मग मी आरशात पाहिलं.

ओठांभोवती, डोळ्यांवर, गळ्यावर, सगळीकडे तोच निळसर पांढरा प्रकाश. ते माझं तोंड नव्हतं. मिरजेच्या पडवीतली ती बाई माझ्याकडे बघत होती. अंधारात अक्कांनी माझा दंड इतका घट्ट धरला की त्यांची बोटं उमटली.

डॉक्टरांनी दिवा बंद करून खिडकी उघडली. आरशात पुन्हा नेहमीचा चेहरा होता.

‘आज डोळ्याला दिसत नाही,’ ते म्हणाले. ‘हा दिवा पुढचं बघतो. वर्षभरात सगळ्या जगाला दिसेल.’

बाहेर येऊन बसल्यावर ते इंग्रजीत बोलायला लागले, हळू, समजुतीच्या स्वरात. अक्कांना इंग्रजी येत नव्हतं आणि ते डॉक्टरांना ठाऊक होतं. पाळी नियमित येते का, असं त्यांनी विचारलं. मी खाली पाहिलं. खोटं बोलायला हवं होतं, पण डॉक्टरशी खोटं बोलायचं नसतं असं आम्हाला शिकवलेलं.

‘नवऱ्याला माहीत आहे?’

‘नाही.’

‘ह्या बाईंना?’

‘नाही.’

‘मग मी जे सांगतो ते तुम्हीच ठरवा. हे रक्तातलं दुखणं आहे. आईचं रक्तच मुलाला जातं. आत्ता थांबवलं तर थांबेल. नाहीतर तुमच्या दिव्याखालच्या चेहऱ्यासारखं मूल तुमच्या मांडीवर येईल. मी जबरदस्ती करत नाही. तुम्हाला तसं मूल चालणार असेल तर घरी जा.’

हे सगळं ते बोलत होते आणि अक्का विश्वासाने त्यांच्याकडे पाहून मान डोलावत होत्या.

‘काय म्हणाला गं?’

‘लवकर सुरू करा म्हणाले.’

पांढऱ्या साडीतल्या बाईने टेबलावर एक खोकं आणून ठेवलं. त्यात काळपट तेलाची बाटली, मलमाची डबी आणि गोळ्या. सगळा कोर्स एकदमच घ्यायचा, सुटा मिळत नाही. हा शेवटचा शिल्लक आहे, पुढचा माल जहाजाने येईपर्यंत उन्हाळा उजाडेल, आणि संध्याकाळी म्हैसूरहून एक पेशंट येणार आहे, तो हाच नेईल. तिने किंमत सांगितली. माझ्या पुडीत तेवढे नव्हते, जवळपासही नव्हते.

अक्का मात्र एकदम ताज्यातवान्या झाल्या. ही भाषा त्यांना येत होती. पदर खोचून त्यांनी निम्मा भाव सांगितला. बाई हसली. अक्कांनी खोकं तिच्याकडे सरकवलं. डॉक्टर म्हणाले, ‘हे चिकपेट नाही.’ अक्का म्हणाल्या, ‘सरी, मग आम्ही येतो,’ आणि खरंच उठल्या. मी खुर्चीचा हात धरून बसून राहिले. अक्कांनी मला ओढून उठवलं, जिन्यापर्यंत नेलं. प्रत्येक पायरीगणिक मला वाटत होतं की माझं मूल वर त्या टेबलावर राहिलं आहे.

जिन्याच्या वळणावर बाईची हाक आली.

आम्ही परत वर गेलो. माझी पुडी रिकामी झाली आणि वर काही नोटा अक्कांनी आपल्या बटव्यातून घातल्या. बसमध्ये त्या मांडीवरचं खोकं थोपटत म्हणाल्या, ‘बघितलीस? कसा खाली आला!’ त्यांचा चेहरा फुलला होता. मी त्यांचा हात हातात घेतला. मला त्या क्षणी त्या आईसारख्या वाटल्या. त्या भावाच्या ओढाताणीत, हे घ्यायचं की नाही हा प्रश्न आम्ही दोघींनी कधी मागे टाकला ते आमचं आम्हालाच कळलं नव्हतं.

गोळ्या सकाळी दुधाबरोबर. तेल डागांना लावून गच्चीवर उन्हात बसायचं. डाग तर मनगटावर आणि अंगठ्यालाच होते, पण दिव्याने दाखवलेले? मी डॉक्टरांना तेही विचारून ठेवलं होतं. ते म्हणाले होते, ‘जिथे जिथे दिसलं तिथे तिथे.’ म्हणून मी ओठांभोवती लावलं, पापण्यांवर लावलं, गळ्यावर लावलं. गच्चीवर अक्कांच्या सांडग्यांच्या शेजारी तोंड वर करून बसले. ऊन तिथे कसलं कडक, डिसेंबरचं बंगळूरचं ऊन, अंगावर घ्यावंसं वाटणारं. तेलाला उग्र, तुरट वास होता. गोळ्यांनी डोकं गरगरायचं, ओकाऱ्या वाढल्या. मी बाळाला मनातल्या मनात म्हणायचे, थोडं सोस, तुझ्यासाठीच आहे.

आठवडा झाला नसेल. एका दुपारी तोंडाची आग सुरू झाली. संध्याकाळपर्यंत ओठ सुजले, पापण्या मिटेनात, गळ्यावर आणि मनगटावर टम्म फोड आले. मी ओलं फडकं तोंडावर घेऊन पलंगाच्या कडेला बसले होते, तशातच हे आले.

‘स्टोव्ह भडकला?’ ह्यांनी घाईने फडकं बाजूला केलं. त्यांचा चेहरा बघून मला माझा कळला.

मग मी सगळं सांगितलं. पीठ, बाही, हळद, दंडू, दिवा, तेल. सांगताना थांबता येईना, म्हणून डॉक्टर मुलाबद्दल काय म्हणाला तेही सांगितलं. ‘कुठलं मूल?’ ह्यांनी विचारलं. पहिलं मूल होणार ही बातमी मी त्यांना अशी सांगितली, सुजलेल्या ओठांनी, रडत.

ते खुर्चीवर बसले. बूटसुद्धा काढले नव्हते. मग जमिनीकडे बघत म्हणाले,

‘तुझ्या पाठीवर आहे एक. खांद्याच्या खाली. मी दिवाळीच्या आधीच पाहिला होता.’

‘मला सांगितलं नाहीत?’

‘तू घाबरशील म्हणून.’

मला घाबरायचं होतं, त्यांच्याबरोबर घाबरायचं होतं. इतके दिवस एका खोलीत आम्ही दोघं एकच गोष्ट एकमेकांपासून लपवत होतो. त्यांनी दयेने लपवलं की किळसेने, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही. पुढेही कधी झाली नाही.

शनिवारी अर्ध्या दिवसाची सुट्टी काढून हे मला दवाखान्यात घेऊन गेले. अक्का हट्टाने बरोबर आल्या. माझ्या तोंडावरच्या फोडांच्या खपल्या बघून त्या दोन दिवस जेवल्या नव्हत्या.

डॉक्टरांनी माझी हनुवटी उचलून पाहिलं आणि चक्क समाधानाने म्हणाले, ‘छान. औषध लागू पडतंय. विष बाहेर येतंय.’ आता आग शमवणारं दुसरं मलम लागेल, आणि नंतर दुसरा कोर्स. मध्येच सोडलं तर दुप्पट वेगाने पसरतं.

ह्यांनी विचारलं, ‘बाटलीत काय आहे?’

‘तो माझा फॉर्म्युला आहे. तुम्ही कारखान्यातली ड्रॉइंग्ज मला दाखवाल का?’

हे खुर्चीत मागे सरून बसले. शिकलेल्या माणसापुढे ते नेहमीच असे मागे सरायचे. पांढऱ्या साडीतली बाई आल्बम घेऊन आली. हे एकेक पान निरखून बघू लागले. माझ्या लक्षात आलं की त्यांचा हात खिशाकडे गेला आहे. ते पैसे देणार होते. मी त्यांना अडवलं नाही. खरं सांगायचं तर त्यांनी द्यावेत असंच मला वाटत होतं. भाजलेल्या तोंडाने मी तिथे बसले होते आणि तरीही मला तेच हवं होतं.

‘यजमानांना एकदा दिवा दाखवतो,’ डॉक्टर म्हणाले. पुन्हा तो कापूस फिरला, खपल्यांवर झोंबला. आम्ही सगळे आत गेलो. अक्का दारापाशी अडखळल्या म्हणून बाईने दार धरून ठेवलं आणि घाईघाईत चिमटा आणि वाडगा हातातच घेऊन आत आली. दार लागलं. बटण दाबलं गेलं.

माझं तोंड चमकलं असणारच, कारण ह्यांच्या तोंडून एक आवाज निघाला. पण मी आरशात बघत नव्हते. मला बघवतच नव्हतं. मी दुसरीकडे पाहिलं, तर त्या बाईच्या हातात, अंधारात, वाडगा चमकत होता. तोच निळसर पांढरा प्रकाश. वाडग्यातला कापूस म्हणजे नुसता जळता कापूर. बाईच्या बोटांची टोकंसुद्धा चमकत होती.

मी पुढे होऊन कापूस उचलला आणि ह्यांच्या तळहातावर एक रेघ ओढली. रेघ पेटली. मग अक्कांच्या हातावर ओढली. तीही पेटली.

अक्का आपला हात नाकाशी धरून बघत होत्या. मग डॉक्टरांनी दिवा बंद केला आणि पडदा बाजूला ओढला. ‘ते जंतुनाशक आहे,’ ते म्हणाले. ‘ते सगळ्यांनाच लागतं.’ आवाज तसाच मऊ. ‘उघडलेलं खोकं परत घेतलं जात नाही.’

ह्यांनी तळहात रुमालाला पुसला. अक्का कानडीत ओरडायला लागल्या, बाहेरचे पेशंट दाराशी जमले. मी मात्र डॉक्टरांच्या समोर जाऊन उभी राहिले आणि इंग्रजीत विचारलं, ‘आणि मूल? मुलाचं सांगितलंत ते?’

त्यांनी घंटी वाजवली. बाईला म्हणाले, ‘पुढचा पेशंट.’

मी पुन्हा विचारलं. तिसऱ्यांदा विचारलं. ते मान खाली घालून काहीतरी लिहीत राहिले. ह्यांनी मला खांद्याला धरून बाहेर आणलं तेव्हाही मी तेच विचारत होते. खोटं आहे असं त्यांनी एकदा म्हणावं, एवढंच मला हवं होतं. बाकी सगळं त्यांनी ठेवून घ्यावं.

जिना उतरताना अक्का शिव्या देत होत्या. चोर पकडल्यासारखं आम्हाला कुणालाच वाटलं नाही. डॉक्टर खोटा निघाला म्हणून माझ्या मनगटावरचे डाग खोटे ठरत नव्हते.

पुढच्या आठवड्यात सरकारी इस्पितळात गेलो. रांगेत सकाळ गेली. म्हाताऱ्या डॉक्टरांनी चष्मा कपाळावर चढवून पाहिलं. गोळ्या ताबडतोब बंद करा म्हणाले. तेल फेकून द्या, चेहऱ्यावर तुम्हाला काहीही झालेलं नव्हतं, चांगली कातडी जाळून घेतलीत. हे दुखणं स्पर्शाने लागत नाही.

‘मुलाला?’ मी विचारलं.

‘बहुधा नाही. एखाद्या घरात येतं, पुष्कळ घरांत येत नाही.’

‘नक्की नाही ना?’

‘नक्की मी काय सांगणार?’

‘औषध?’

‘आत्ता काही देता येणार नाही. बाळंतपणानंतर या. तेव्हा बघू. कुणाला गुण येतो, कुणाला नाही.’

त्यांच्यात काही वाईट नव्हतं. खरं तेच बोलत होते. पुढच्या बाईला त्यांनी हात केला आणि मी उठले. इस्पितळाच्या व्हरांड्यात खांबाला टेकून मी जी रडले तशी दंडूतही रडले नव्हते. त्या खोट्या माणसाने निदान काहीतरी देऊ केलं होतं. ह्या खऱ्या माणसाकडे माझ्यासाठी काही नव्हतं.

सासूबाई संक्रांतीनंतर आल्या. तोंडावरचे भाजल्याचे काळे चट्टे त्यांना स्टोव्हचे म्हणून सांगितले. मनगटाचं काय सांगणार? त्यांनी हात हातात घेतला, पाहिला आणि सोडला. फेकला नाही, खाली ठेवला. त्या दिवसापासून त्या आपलं पाणी आपणच घ्यायला लागल्या. एका दुपारी आतल्या खोलीत त्या ह्यांना म्हणत होत्या, ‘मुलगा झाला तर निभेल. मुलगी झाली तर तिला कोण करून घेणार? विचार कर. अजून वेळ गेलेली नाही.’ मी दाराबाहेर तांदूळ निवडत होते. हे काय म्हणतात ते ऐकायला मी हात थांबवला. हे म्हणाले, ‘आई, कॉफी करायला सांगू?’

त्यांनी मला माहेरी पाठवलं नाही. तेव्हाही नाही, पुढेही नाही. माझी बाजू घेऊन भांडलेही नाहीत. त्या एका कॉफीच्या प्रश्नावर माझा संसार टिकला.

मुलगी झाली. सुईणीने तिला हातात दिली तेव्हा मी तिचं तोंड पाहिलं नाही. आधी मनगटं पाहिली, मग पापण्या, मग पाठ. रोज न्हाऊ घालताना तिला खिडकीच्या उजेडात उताणी, पालथी करून बघायची. पावडर लावायची नाही, पावडरीखाली काही लपेल म्हणून. तिच्या गालावर एकदा दुधाचा थेंब वाळला होता, तर मी तिला उचलून खिडकीशी नेलं. तिला कधी काही झालं नाही. पण तिचं लहानपण मी असंच घालवलं, तिच्याकडे बघत, आणि तिला न बघता.

अक्का आपल्या बटव्यातून दिलेल्या पैशांबद्दल कधी बोलल्या नाहीत. चैत्रात हळदीकुंकू केलं की माझ्या हातून पहिलं कुंकू त्या लावून घ्यायच्या. गल्लीतल्या दुसऱ्या बायका लावून घेताना स्वल्प मागे सरायच्या. आपण सरतो हे त्यांचं त्यांनाही कळत नसावं.

डाग पसरत राहिले. बाळंतपणानंतर इस्पितळाची औषधं घेतली, एका वैद्याची घेतली, उपास केले. साठ सालानंतर दोन्ही हात कोपरापर्यंत गेले, मग ओठांच्या कडा, मग गळा. लांब बाह्या कधी सोडून दिल्या ते आठवत नाही. मुलगी शाळेत जायला लागली होती.

तिची शाळा सुटायची वाट बघत मी एकदा बसस्टॉपवर उभी होते. एक मुलगी, नवीन लग्न झालेली दिसत होती, बराच वेळ माझ्याकडे बघत होती. लोक बघतात, त्याची सवय झाली होती. पण ही जवळ आली. उजव्या हाताला तिने रुमाल गुंडाळला होता. आजूबाजूला कुणी नाही असं पाहून तिने तो थोडा सोडला. दोन बोटांच्या पेरांवर अगदी कोवळे, गुलाबीसर पांढरे डाग होते.

‘अक्का,’ तिने कानडीत विचारलं, ‘तुम्ही कुणाकडे गेला होता?’

मी तिला सगळं सांगितलं. इतक्या वर्षांत इतकं कानडी मला येत होतं. दिवा सांगितला, कापूस सांगितला, तोंड कसं भाजलं ते सांगितलं. असल्या माणसाच्या हाती लागू नकोस, सरकारी इस्पितळात जा, आणि आधी नवऱ्याला सांग, असंही म्हटलं. ती नीट ऐकत होती, मधूनमधून मान हलवत होती. माझं बोलणं संपल्यावर तिने रुमाल परत घट्ट बांधला, माझ्या हातांकडे एकदा पाहिलं आणि विचारलं,

‘तो दंडूतला डॉक्टर अजून बसतो का? पत्ता सांगाल?’

मी सांगितला नाही. तिची बस आली, ती चढली. खिडकीशी बसल्यावरही ती माझ्याकडे बघत होती. रागावली नव्हती, फक्त आता दुसऱ्या कुणाला विचारावं लागणार, असं तिच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं.